कमोडोर ६४ सोबत आलेला जुना डायल-अप मोडेम आज चालू करायचा असेल तर

प्रश्न असा आहे की जुना कमोडोर ६४ हाताला लागलाय, त्याच्यासोबत एक व्हिकमोडेम आहे आणि एक रबरी कपांचा अकूस्टिक कपलर, तर हे सगळं त्या काळी नक्की कसं चालायचं, आज चालू होईल का, की एवढी खटपट करण्यापेक्षा सरळ वायफाय मोडेम घ्यावा.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. वायफाय मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला जुन्या मोडेमसारखाच वाटणारा पण फोनऐवजी वायफायने इंटरनेटला जोडणारा डबा, घ्या, उपयोगाचा आहे, पण तो घेतला म्हणून जुने दोन्ही कपाटात टाकू नका. ३०० बिट प्रति सेकंद वाला मोडेम हा कॉम्प्युटरच्या सगळ्या जोडणीतला असा एकमेव भाग आहे जो तुम्ही कानाने ऐकून तपासू शकता, कुठे अडकलंय ते त्याचा आवाजच सांगतो, आणि तो एकदा समजला की पुढचे १२००, २४०० आणि वायफायवाले सगळेच समजायला सोपे जातात. मी बरीच वर्षं जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करतोय आणि अजूनही कोणी मोडेम आणून दिला की पहिली पंधरा मिनिटं स्क्रूड्रायव्हर हातात घेतच नाही, फक्त ऐकतो.

तर ऐकायचं काय ते बघू. मोडेम म्हणजे कॉम्प्युटरचे बिट सुरांत आणि सूर परत बिटांत बदलणारा डबा. टेलिफोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेते, बोलण्यासाठी तेवढा पुरतो. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल १०३ नावाचा मोडेम काढला आणि त्याच्यात या पट्ट्याचे दोन भाग केले, खालचा भाग फोन करणाऱ्याचा आणि वरचा भाग फोन उचलणाऱ्याचा. फोन करणारा मोडेम १ हा बिट पाठवायला १२७० हर्ट्झ आणि शून्य पाठवायला १०७० हर्ट्झ वाजवतो, उचलणारा १ साठी २२२५ आणि शून्यासाठी २०२५. बस, चार सूर, एवढंच आहे. दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात कारण दोघांचे सूर एकमेकांपासून लांब आहेत आणि प्रत्येक मोडेममध्ये समोरच्याचा पट्टा तेवढा आत घेणारा फिल्टर असतो. काही पाठवायचं नसेल तेव्हा लाइन १ च्या सुरावर टेकलेली असते, म्हणजे नुसता सरळ सूर ऐकू येतो, आणि टाइप करायला लागलं की तो सूर थरथरतो. ही थरथर म्हणजेच तुमचं अक्षर.

कनेक्शन लागताना काय होतं ते पण ऐकून ओळखता येतं. समोरचा मोडेम फोन उचलतो, दोनेक सेकंद शांत राहतो, मग २२२५ चा तीक्ष्ण सूर सोडतो. या सुराचं अजून एक काम असतं, लांबच्या लाइनवर प्रतिध्वनी दाबणारी जी यंत्रणा असते ती दोघांना एकाच वेळी बोलू देत नाही आणि हा सूर ऐकला की ती बाजूला होते. मग आपला मोडेम तो सूर ओळखून १२७० सोडतो, समोरच्याला तो ऐकू गेला की दोन्हीकडे कॅरिअरचा, म्हणजे समोरचा सूर मिळाल्याचा, दिवा लागतो. म्हणजे बिघाड शोधताना प्रश्न एकदम सोपे होतात. समोरचा उंच सूर येतोय का? आपला खालचा सूर जातोय का? दोन्ही आहेत पण दिवा लागत नाही का? तिन्हींची कारणं वेगवेगळी असतात, आणि हे फोनचा रिसीव्हर कानाला लावून कळतं, त्याला ऑसिलोस्कोप लागत नाही.

आता तुमचा अकूस्टिक कपलर. फोनचा हँडसेट दोन रबरी कपांत बसवायचा हा प्रकार का आला असेल, तर त्याचं कारण तांत्रिक नाही, कायद्याचं आहे. अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या लाइनला बाहेरची वस्तू विजेने जोडायला परवानगीच नव्हती. १९६८ च्या कार्टरफोन निकालाने एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेने, ती मक्तेदारी मोडली खरी, पण त्यानंतरही बरीच वर्षं मधे फोन कंपनीचंच एक संरक्षक यंत्र भाड्याने घेऊन लावावं लागायचं, आणि बाहेरच्या उपकरणांची नोंदणी करून ती थेट भिंतीतल्या जॅकला लावायची सोय १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. तोपर्यंत घरच्या माणसाला एकच वाट होती, लाइनला हात न लावता फोनच्या तोंडाशी आवाज करायचा आणि कानाशी ऐकायचा. ली फेल्सेन्स्टाइन यांचं पेनीव्हिसल १०३ हे १९७६ चं किट याच पद्धतीचं, आणि नोव्हेशनचा कॅट हा त्यातला सगळ्यात ओळखीचा चेहरा. हे कप वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५०० मॉडेलच्या गोल हँडसेटसाठी बनवलेले आहेत. तुमच्याकडे चपटा किंवा चौकोनी हँडसेट असेल तर तो नीट बसणारच नाही, फट राहील, खोलीतला आवाज आत जाईल आणि स्क्रीनवर मधेच कचरा अक्षरं उमटतील.

कपलर तपासताना सगळ्यात आधी रबर बघा. इतक्या वर्षांत ते कडक झालेलं असतं, बोटाने दाबलं तर दबत नाही, मग हँडसेटभोवती सील होत नाही. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, तेल किंवा स्पिरिट लावू नका, आणि अगदीच गेलं असेल तर त्या मापाची फोमची रिंग कापून आत बसवा, ती दिसायला बरी नसते पण काम चोख करते.

मग ही चाचणी करा, मला ती फार आवडते कारण तिला फोन लाइन लागतच नाही. मोबाइलवर सूर वाजवणारं कुठलंही ॲप घ्या, २२२५ हर्ट्झ लावा, कपलर ओरिजिनेट (फोन करणाऱ्याच्या) मोडवर ठेवा आणि ज्या कपात हँडसेटचा कानाकडचा भाग बसतो त्या कपाशी मोबाइलचा स्पीकर धरा. कॅरिअरचा दिवा लागला म्हणजे मायक्रोफोन, फिल्टर आणि ओळखणारं सर्किट हे तिन्ही जिवंत आहेत, म्हणजे अर्धा मोडेम पास झाला. आता दुसऱ्या मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप उघडून दुसऱ्या कपाशी धरा, १२७० ला एक उभी रेघ दिसली पाहिजे, आणि टर्मिनलवरून, म्हणजे मोडेममार्गे अक्षरं पाठवणाऱ्या-दाखवणाऱ्या प्रोग्राममधून, अक्षरं पाठवली की १०७० ला दुसरी उगवते. रेघ १२७० ऐवजी १२२० ला दिसली तर मोडेम सरकलाय. क्रिस्टलवर चालणारे, म्हणजे मोटोरोला एमसी१४४१२ सारखी चिप असलेले मोडेम सहसा सरकत नाहीत, पण त्याआधीचे रेझिस्टर-कपॅसिटरवर सूर बांधणारे हमखास सरकतात आणि त्यांच्या बोर्डवर छोटे ट्रिमर असतात ते हळू फिरवून सूर परत जागेवर आणता येतो. फिरवण्याआधी जुन्या जागेची मार्करने खूण करून ठेवा.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते म्हणून इथे जरा थांबतो. जुन्या हँडसेटमध्ये कार्बनचा मायक्रोफोन असतो, आतमध्ये कार्बनची बारीक दाणेदार पूड. ही पूड आवाजात थोडी विकृती आणते, म्हणजे १०७० चा सूर दिला तर त्याच्या दुप्पटीचा, २१४० चा फिका सूर पण लाइनवर जातो. आता हा २१४० कुठे पडतो बघा, समोरच्याच्या २०२५ आणि २२२५ च्या बरोब्बर मधे! म्हणजे आपलाच मोडेम आपल्याच आवाजाने बहिरा होतो आणि समोरचा लांबून येणारा बारीक सूर त्याखाली दबतो. म्हणूनच लाइन कमजोर असली की कपलरवर आपण टाइप करत असतानाच कचरा यायचा आणि हात थांबला की येणं बंद व्हायचं. असं दिसलं तर मोडेम उघडू नका, दोष बहुतेक हँडसेटचा आहे. पूड बसून गच्च झाली असेल तर हँडसेट आडवा धरून तळहातावर दोनचारदा आपटा, दाणे सुटे होतात. त्यानेही फरक नाही पडला तर नव्या पद्धतीचा, इलेक्ट्रेट मायक्रोफोनचा हँडसेट मिळवा, त्यात ही भानगडच नाही.

व्हिकमोडेमकडे वळू. कमोडोरचा हा १६०० नंबरचा मोडेम १९८२ चा, शंभर डॉलरच्या आत मिळणारा म्हणून गाजला, आणि लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऑनलाइन पाऊल टाकलं ते याच्यावरून. स्वस्त करायला त्यांनी काय केलं ते समजलं की तो वापरायचा कसा तेही समजतं. त्यात डायल करायची सोयच नाही, स्वतःचा पॉवर सप्लाय पण नाही, वीज कॉम्प्युटरच्या मागच्या युजर पोर्ट नावाच्या जोडणीतून येते. तुम्ही फोनवरून हाताने नंबर फिरवायचा, समोरचा उंच सूर ऐकू आला की हँडसेटची गुंडाळीवाली वायर हँडसेटमधून उपसायची आणि मोडेमच्या बाजूला खुपसायची. म्हणजे मोडेम हा फोनच्या दृष्टीने हँडसेटच असतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, मोडेमवरचा जॅक हा हँडसेटचा अरुंद चार वायरींचा जॅक आहे, तो भिंतीतल्या लाइनला लावायचा नाही, लाइनवर घंटी वाजताना ९० व्होल्टच्या आसपास वीज येते आणि ती या सर्किटसाठी नाही. दोन, ज्या फोनचं कीपॅड हँडसेटमध्येच आहे तो इथे चालणार नाही, कारण हँडसेट उपसला की फोनच गेला. हँडसेटची वायर दोन्ही टोकांना उपसता येते असा साधा टेबलवरचा फोन शोधा, बाकी काही लागत नाही.

नंतरचे कमोडोरचे मोडेम थोडे हुशार होत गेले. १६५० आणि १६६० स्वतः डायल करतात पण पल्सने, म्हणजे सॉफ्टवेअर मोडेमला लाइन सेकंदाला दहा वेळा तोडायला जोडायला सांगतं. १६६० ला टोन डायलिंग हवं असेल तर त्याची युक्ती झकास आहे, मोडेममध्ये टोन बनवणारा भागच नाही, कॉम्प्युटरची सिड साउंड चिप दोन सूर एकत्र वाजवते आणि ऑडिओ केबलने ते मोडेममार्गे लाइनवर जातात. ती केबल सोबत आली नसेल तर लोक समजतात मोडेम खराब आहे, तो नुसता मुका असतो. १६७० मात्र १२०० चा आणि हेज कंपनीच्या कमांड (त्या पुढे येतातच) समजणारा.

आता सगळ्यात धोक्याची जागा, इथे नीट लक्ष द्या. तुमच्या कपलरला मागे २५ पिनांचा आरएस-२३२ कनेक्टर (मोडेम जोडायचं प्रमाण मानक) असेल, आणि कमोडोर ६४ च्या युजर पोर्टवर सिरियल, म्हणजे एकामागून एक बिट जाणारा, सिग्नल मिळतो म्हणून कोणीतरी सरळ वायरी ओढून जोडायचा सल्ला देईल. अजिबात जोडू नका. युजर पोर्टवर शून्य ते पाच व्होल्टचे सिग्नल असतात, आरएस-२३२ मध्ये उणे बारा ते अधिक बारा पर्यंत जातात, आणि वर तर्क पण उलटा, तिथे एक म्हणजे उणे व्होल्टेज. थेट जोडलं तर युजर पोर्ट सांभाळणारी ६५२६ सीआयए चिप जाते, आणि ती आता नवीन बनत नाही. मधे लेव्हल बदलणारा अडॅप्टर लागतो, कमोडोरचाच १०११ए होता, किंवा मॅक्स२३२ चिपवर घरी बनवलेलाही चालतो. व्हिकमोडेम, १६५०, १६६०, १६७० हे सगळे थेट युजर पोर्टसाठीच बनलेत, त्यांना अडॅप्टर नको.

कमोडोर ६४ बद्दल अजून एक सांगायलाच हवं, यात सिरियल चिप नाहीच. ॲपल टूच्या सुपर सिरियल कार्डवर ६५५१ नावाची चिप असते जी एकेक बिट गोळा करून पूर्ण अक्षर प्रोसेसरच्या हातात देते, कमोडोरमध्ये तेच काम रॉममधला कर्नल, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्राम, सॉफ्टवेअरने करतो, टायमर लावून प्रत्येक बिटला प्रोसेसर हातचं काम सोडून धावतो. ३०० ला एक बिट ३.३ मिलिसेकंदांचा, साधारण ३४०० सायकल, भरपूर वेळ. २४०० ला तेच सवाचारशे सायकल उरतात, त्यात व्हिडिओ चिप दर आठव्या ओळीला आपला वाटा काढून घेते, म्हणून मूळ रॉमवर २४०० ला अक्षरं गळतात आणि लोक मोडेमला दोष देतात. जास्त वेग हवा असेल तर स्विफ्टलिंक सारखं ६५५१ चिपचं कार्ट्रिज किंवा युजर पोर्टची यूपी९६०० पद्धत वापरा. आणि बेसिकमधून स्वतः प्रोग्राम लिहिणार असाल तर डिव्हाइस २, म्हणजे सिरियल जोडणी, उघडायची ओळ सगळ्यात वर ठेवा, कारण ती उघडली की मेमरीच्या टोकाला २५६ बाइटचे दोन बफर कापले जातात आणि तुमचे सगळे व्हेरिएबल पुसले जातात. हे न कळल्याने प्रोग्राम चालतोय पण व्हेरिएबल रिकामी अशी तक्रार मी असंख्य वेळा ऐकलीये.

बाकीच्या मशीनवाल्यांसाठी थोडक्यात: अटारी ८००वाल्यांनी ८३० कपलर घेतला तर ८५० इंटरफेस पण लागतो, १०३० किंवा एक्सएम३०१ सरळ अटारीच्या एसआयओ पोर्टला लागतात. ॲपल टूला हेजचा मायक्रोमोडेम टू हा स्लॉटमध्ये बसणारा मोडेम बघा, १९७९ चा आहे. टँडीच्या मॉडेल १०० मध्ये तर ३०० चा मोडेम आतच असतो.

हेजचं नाव आलंच आहे तर १९८१ च्या स्मार्टमोडेमबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण आजचा वायफाय मोडेम त्याचीच भाषा बोलतो. त्याआधी प्रत्येक मशीनचा मोडेम वेगळा, प्रत्येकासाठी सॉफ्टवेअर वेगळं. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी मोडेममध्ये झेड८ मायक्रोप्रोसेसर टाकला आणि ठरवलं की कमांड पण त्याच सिरियल वायरीवरून साध्या अक्षरांत द्यायच्या. एटीडीटी आणि पुढे नंबर म्हणजे टोनने डायल, एटीडीपी म्हणजे पल्सने, एटीए म्हणजे उचल, एटीएच म्हणजे ठेव. प्रत्येक कमांड एटीनेच का सुरू होते यात फार देखणी युक्ती आहे. ए अक्षराचा सगळ्यात खालचा बिट एक असतो आणि सिरियलमध्ये तोच पहिला जातो, त्याच्या आधी शून्याचा स्टार्ट बिट. म्हणजे ए आला की वायरीवर बरोब्बर एका बिटाएवढी खाच पडते, तिची लांबी मोजली की मोडेमला कळतं समोरचा ११० ने बोलतोय, ३०० ने की १२०० ने. मग टी बघून पॅरिटी, म्हणजे अक्षरासोबत चूक ओळखायला जोडलेला जास्तीचा बिट, पण कळते. वेग सांगायला वेगळं बटणच नको.

पण एकाच वायरीवर कमांड आणि डेटा दोन्ही जाणार म्हटल्यावर मधेच मोडेमला हाक कशी मारायची? तर तीन अधिक चिन्हं, आणि त्याच्या आधी आणि नंतर एक एक सेकंद पूर्ण शांतता. ही शांतताच महत्त्वाची, तिच्यामुळे फाइलमध्ये चुकून तीन अधिक चिन्हं आली तरी मोडेम फसत नाही. आज वायफाय मोडेमवर लाइन तुटत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा माणूस तीन चिन्हांनंतर लगेच एंटर दाबत असतो. एंटर दाबू नका, थांबा, ओके येईल.

जुना स्मार्टमोडेम मिळाला तर पुढच्या पट्टीमागचे डिप स्विच बघा, तिथे गंज आणि चुकीची सेटिंग दोन्ही असतात. त्यातला एक स्विच मोडेमने कॉम्प्युटरचा डीटीआर, म्हणजे 'मी तयार आहे' असं सांगणारा, सिग्नल मानायचा की नाही ते ठरवतो आणि एक कॅरिअरचा सिग्नल खरा दाखवायचा की कायम चालू. तुमची केबल तीनच वायरींची असेल, म्हणजे पाठव, घे आणि ग्राउंड, तर डीटीआर कधी येणारच नाही आणि मोडेम फोन उचलायलाच तयार होणार नाही. आणि जुन्या मोडेमला अडॅप्टर लावण्याआधी लेबल वाचा, कित्येकांना एसी लागतो, डीसी नाही, प्लग आत बसतो म्हणून तो अडॅप्टर त्याचाच असतो असं नाही.

आता लाइन कुठून आणायची. सगळ्यात सोपं म्हणजे दोन फोन पोर्टवाला एक इंटरनेट फोन अडॅप्टर घ्या, तो डायल टोन देतो, घंटी देतो, एका पोर्टवरून दुसऱ्यावर फोन लावता येतो, एकीकडे तुमचा मोडेम आणि दुसरीकडे दुसरा मोडेम किंवा पीसी. सेटिंगमध्ये कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायची पद्धत, जी.७११ ठेवा, जी.७२९ सारखा आवाज दाबणारा कोडेक फक्त माणसाच्या बोलण्यासाठी घडवलाय, मोडेमचे सूर त्यात चिरडतात. शांततेत डेटा न पाठवण्याची जी सोय असते ती बंद करा आणि जमलं तर प्रतिध्वनी काढणारं पण बंद करा. ३०० आणि १२०० सहसा चालतात, त्याच्या वर गेलात की पाकिटं मागेपुढे झाल्याचा त्रास सुरू होतो. आणि बरेच अडॅप्टर पल्स डायलिंग समजत नाहीत, १६५० वरून नंबर लागत नसेल तर शांतपणे टोनच्या फोनवरून नंबर फिरवा आणि मग मोडेमला लाइन द्या. समोर दुसरा मोडेम नसेल तर पीसीवर मिनीमोडेम नावाचा प्रोग्राम आहे, साउंड कार्डवरून बेल १०३ चे सूर बनवतो आणि ओळखतो, रेकॉर्ड केलेल्या आवाजातून अक्षरं काढून दाखवतो. मोडेम काय बडबडतोय ते अक्षरात बघायला यासारखं दुसरं साधन नाही.

इंग्लंड-युरोपातून मोडेम मागवणार असाल तर आधी मानक विचारा. तिथला व्ही.२१ पण ३०० चाच, पण सूर ९८०, ११८०, १६५० आणि १८५०, बेल १०३ शी त्याचं जमत नाही. प्रेस्टेल आणि मिनिटेल या इंग्लंड-फ्रान्सच्या जुन्या माहिती सेवांचा व्ही.२३ तर एकीकडून १२०० आणि उलट ७५ असा लंगडा असतो. वेगाचा आकडा सारखा दिसतो म्हणून घेऊ नका. १२०० चंही तसंच, अमेरिकेतला नेहमीचा बेल २१२ए वेगळ्याच पद्धतीने चालतो, सुराची फेज बदलून एका झटक्यात दोन बिट, त्याला कानाने फक्त सुसाट खसखस ऐकू येते, आत काय चाललंय ते नाही. म्हणून तर म्हणतो ३०० पासून सुरू करा.

कनेक्शन लागलं आणि तरी अक्षरं विचित्र दिसतायत तर ते वाचायला शिका. काही अक्षरं बरोबर आणि काही चक्रम चिन्हं म्हणजे पॅरिटी जुळत नाही, कॉम्प्युसर्व्हसारख्या जुन्या ऑनलाइन सेवा सात बिट आणि इव्हन पॅरिटी वापरायच्या, बहुतेक बीबीएस, म्हणजे मोडेमने डायल करून जायचे संदेश फलक, आठ बिट आणि पॅरिटी नाही. प्रत्येक अक्षर दोनदा दिसतंय तर तुमचं टर्मिनल हाफ डुप्लेक्सवर (टाइप केलेलं स्वतःच दाखवणारं) आहे आणि समोरचाही प्रतिध्वनी देतोय. टाइप केलेलं दिसतच नाही तर उलटं. लहान अक्षरं मोठी आणि मोठी लहान, म्हणजे कमोडोरची पेटस्की आणि समोरची आस्की या दोन अक्षर-क्रमांक पद्धतींची गल्लत, टर्मिनल प्रोग्राममध्ये एक बटण असतं. ओळीच्या मधेच अचानक कचरा, तर लाइन किंवा हँडसेट.

वेगाची कल्पना असू द्या म्हणजे निराश होणार नाही. एका अक्षराला स्टार्ट आणि स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे ३०० ला सेकंदाला ३० अक्षरं. कमोडोरचा स्क्रीन ४० गुणिले २५, हजार अक्षरं, भरायला ३३ सेकंद, वाचत वाचत जाता येतं. १६ किलोबाइटचा प्रोग्राम उतरवायला साडेनऊ मिनिटांच्या आसपास आणि पूर्ण १७० किलोबाइटची डिस्क दीड तासाच्या वर. वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस यांनी शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ ला सीबीबीएस हा पहिला बीबीएस सुरू केला तेव्हा एका वेळी एकच माणूस आत येऊ शकायचा. याच ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये एक्समोडेम ही फाइल पाठवायची पद्धत लिहिली होती, १२८ बाइटचा तुकडा, पुढे तुकड्याचा नंबर आणि तोच नंबर उलटा करून, मागे बेरीज, एकूण १३२ बाइट. समोरच्याने बरोबर म्हटलं की पुढचा, चूक म्हटलं की तोच परत. कमोडोरच्या बीबीएसवर पंटर ही दुसरी पद्धत पण भेटेल, दोन्ही असलेला टर्मिनल प्रोग्राम निवडा.

आणि इथेच वायफाय मोडेमवाल्यांची नेहमीची अडचण येते. ३०० ला एक तुकडा जायला ४.४ सेकंद लागतात, होकार यायला दशांश सेकंद लागला तरी काही बिघडत नाही. ९६०० ला तोच तुकडा ०.१४ सेकंदात जातो आणि होकार इंटरनेटवरून यायला तेवढाच वेळ, म्हणजे निम्मा वेळ नुसती वाट बघण्यात, म्हणून वेग वाढवूनही फाइल त्या प्रमाणात लवकर येत नाही. मोठ्या तुकड्यांचं वायमोडेम चालत असेल तर ते घ्या. दुसरं, मजकूर छान दिसतो पण फाइल मात्र ठराविक जागी अडकते, परत लावली तरी तिथेच अडकते, असं झालं तर बघा त्या जागी फाइलमध्ये २५५ किमतीचा बाइट आहे का. टेलनेट या इंटरनेटवरून टर्मिनल जोडायच्या पद्धतीत २५५ हा स्वतः कमांडचा बाइट आहे, डेटा म्हणून पाठवायचा तर दोनदा पाठवावा लागतो, एक बाजू टेलनेट समजून वागतेय आणि दुसरी नुसतं कच्चं कनेक्शन समजून, की हमखास असं होतं. वायफाय मोडेमच्या कमांडमध्ये टेलनेट चालू-बंद करायची सोय असते, एकदा इकडून एकदा तिकडून लावून बघा, दोन्हीपैकी एकाला फाइल पूर्ण उतरते.